दोन क्लच, थोडं तेल आणि शिळफाटा

दणकट इंजिनाची गाडी घेणारा माणूस ब्रोशरमध्ये सगळ्यात आधी शून्य ते शंभरचे सेकंद बघतो. मित्रांच्या गटात हमरीतुमरी होते तीही त्याच आकड्यावरून. अमक्याची गाडी साडेचार सेकंदांत, तमक्याची सहा सेकंदांत. पण नवी मुंबईत हे सेकंद खर्च करायचे कुठे? पाम बीच रोडची वेगमर्यादा ६०. अटल सेतूवर शंभरची मुभा आहे, पण तिथे गाडी आधीच वेगात असते आणि एकाच गिअरमध्ये २१.८ किलोमीटरचा पूल संपतो. शून्य ते दहा हा वेग मात्र रोज आणि भरपूर मिळतो. शिळफाट्याला, महापेच्या चौकात, पावसाळ्यात वाशीच्या खाडीपुलावर आणि सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर.

ड्युअल क्लच चांगला की जुना टॉर्क कन्व्हर्टर, हा वाद गेली वीस वर्षं सेकंदांच्या भाषेत चालला आहे. माझ्या मते तो सुटतो या शून्य ते दहामध्ये. गंमत म्हणजे मोठमोठ्या कंपन्याही बऱ्याच अंशी याच उत्तरापाशी आल्या आहेत, आणि आपल्या शेजारच्या चाकणमध्ये तर दोन्ही गिअरबॉक्स एकाच मॉडेलमध्ये बसवले जातात.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलं की गाडी ‘ऑटोमॅटिक’. मारुतीच्या सेलेरिओमुळे २०१४ पासून घरोघरी पोचलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. त्याचा क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, इतकंच. स्कूटरसारखी एकसुरी ओढणारी सीव्हीटी वेगळी. जोरदार गाड्यांच्या चर्चेत या दोघींना बाहेरच बसावं लागतं.

टॉर्क कन्व्हर्टरचा जन्म मोटारीसाठी झालेलाच नाही. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये तो जहाजांसाठी शोधला. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोचवायची होती. इंजिनाला जोडलेलं एक पात्यांचं चाक तेल फेकतं, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं, आणि मधलं तिसरं चाक परतणारं तेल योग्य दिशेला वळवतं. दोन्ही बाजूंमध्ये घट्ट जोड नाही, फक्त तेल. त्यामुळे इंजिन फिरत असताना चाकं थांबली तरी काही बिघडत नाही. शिवाय गाडी सुटताना हे यंत्र इंजिनाचा टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देतं. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रा-मॅटिक आणली, तिच्यात साधं द्रव-कपलिंग होतं. खरा कन्व्हर्टर असलेली ब्यूकची डायनाफ्लो १९४८ ची. आरामशीर आणि आळशी अशी या जातीची ख्याती तेव्हापासूनची, आणि अनेक दशकं ती खरीही होती. ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिन ओरडायचं, आणि गाडी थोडा विचार करून निघायची.

त्याच १९३९ मध्ये फ्रान्समध्ये अडॉल्फ केग्रेसने दोन क्लचच्या गिअरबॉक्सची कल्पना मांडली. हा माणूस एके काळी रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये कामाला होता, आणि बर्फात चालणाऱ्या, मागे पट्टे असलेल्या गाड्यांसाठी प्रसिद्ध होता. सिट्रोएनच्या ट्रॅक्सिओं आव्हांमध्ये हा गिअरबॉक्स बसवायचा त्याचा बेत होता. पैसा नव्हता, युद्ध सुरू झालं, १९४३ मध्ये तो वारला. कल्पना कागदावर सोपी होती. एक, तीन, पाच हे गिअर एका शाफ्टवर, दोन, चार, सहा दुसऱ्यावर आणि प्रत्येक शाफ्टला स्वतःचा क्लच. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो. पंगतीत पानातली पोळी संपायच्या आत दुसरी हातात घेऊन उभा असलेला वाढपी जसा, तसा हा दुसरा शाफ्ट. एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, आणि मध्ये ओढ तुटत नाही.

पण वाढप्याला पुढे काय हवं ते कळलं पाहिजे. तुम्ही वर जाणार की खाली, हे ओळखायला संगणक लागतो, आणि तो यायला चाळीस वर्षं गेली. पोर्शने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर पीडीके नावाने दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे प्रयोग केले. १९८६ मध्ये मोंझाची शर्यत या गिअरबॉक्सच्या गाडीने जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत तो आणला फोक्सवॅगनने, २००३ च्या गोल्फ आर३२ मध्ये, डीएसजी या नावाने. पुढे बुगाटी वेरॉन, निस्सान जीटी-आर, फेरारी कॅलिफोर्निया, पोर्श ९११ अशी रांगच लागली. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एम३ ला सात गिअरचा ड्युअल क्लच दिला. टॉर्क कन्व्हर्टर आता आजोबांच्या गाड्यांपुरता उरला, असं तेव्हा जवळपास सगळ्यांचंच मत झालं होतं.

मग २०१७-१८ मध्ये बीएमडब्ल्यूने नव्या एम५ मधून ड्युअल क्लच काढला आणि आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवला. गाडी ६०० अश्वशक्तीची, टॉर्क ७५० न्यूटन मीटर. पुढे एम३ आणि एम२ यांनाही तोच. ड्युअल क्लच हलका आणि झटपट असण्याचे फायदे आता उरले नाहीत, असं एम विभागाचे पीटर क्विंटस यांनी त्या सुमारास उघडपणे सांगितलं होतं.

त्या नऊ-दहा वर्षांत बदललं काय? जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ८एचपी नावाचा गिअरबॉक्स २००९ पासून बाजारात आला. त्यात ग्रहमालेसारख्या चार गिअरसंचांना पाच क्लच-ब्रेक मिळून आठ गिअर देतात, आणि कोणत्याही गिअरमध्ये त्या पाचांपैकी फक्त दोनच मोकळे असतात. त्यामुळे तेलात घासून वाया जाणारी ताकद कमी झाली. पहिला गिअर ४.७ च्या घरात, आठवा ०.६७, म्हणजे सुटतानाची ओढ आणि महामार्गावरची शांतता दोन्ही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॉक-अप क्लच. गाडी सुटली की लगेच तो कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि तेलाचं काम तिथेच संपतं. म्हणून अटल सेतूवर शंभरच्या वेगात डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला कुठला गिअरबॉक्स आहे ते सांगता येणार नाही. दोन्हींमध्ये धातूला धातू जोडलेला असतो. आज हाच ८एचपी अल्फा रोमिओच्या ज्युलिया क्वाड्रिफोलिओत आहे, लॅम्बोर्गिनी उरुसमध्ये आहे, आणि २०२१ पासून चेन्नईत जुळणी होणाऱ्या बीएमडब्ल्यू एम३४०आय मध्येही.

मर्सिडीझच्या एएमजीने मधली वाट काढली. २००८ च्या एसएल ६३ मध्ये त्यांनी ग्रहमालेचे गिअर तसेच ठेवले आणि पुढचा टॉर्क कन्व्हर्टर काढून तिथे तेलात बुडालेला क्लच लावला, नाव दिलं एमसीटी. पहिल्या एएमजी जीटीला ड्युअल क्लच होता. २०२३ च्या नव्या जीटीला हा एमसीटी मिळाला.

ड्युअल क्लच हरला, असं मात्र नाही. ९११ मध्ये पीडीके ठाम बसला आहे, फेरारी आणि मॅक्लॅरेन त्याच्यावरच आहेत, लॅम्बोर्गिनी रेवुएल्टोलाही आठ गिअरचा ड्युअल क्लचच आहे. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्या, नेमका गिअर नेमक्या क्षणी मागणाऱ्या चालकाला त्याचा करकरीतपणा अजून दुसरीकडे मिळत नाही. पण गाडी जड झाली, टॉर्क वाढला, मालक रोज ऑफिसला ती घेऊन जाऊ लागला की हिशेब फिरतो. विभागणी आता वेगावर नाही, वापरावर आहे.

आता चाकण. फोक्सवॅगनचा इथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ही आपल्याकडची सामान्य माणसाच्या आवाक्यातली पहिली खरी ड्युअल क्लच ‘हॉट हॅच’. १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, सात गिअरची डीएसजी. तिची भुरळ अजून आहे. वाशी आरटीओच्या एमएच ४३ पाटीची नीट ठेवलेली जीटी दिसली की जाणकार मान वळवतातच. २०२० मध्ये बीएस-६ आलं, १.२ चं इंजिन गेलं, आणि १.० लिटरच्या नव्या पोलोला कंपनीने सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला. डीएसजीची ओळखच ज्या गाडीने करून दिली, तिनेच ती सोडली. फोर्डने २०१७ मध्ये हेच केलं होतं, इकोस्पोर्टमधला ड्युअल क्लच काढून टॉर्क कन्व्हर्टर बसवला.

पण फोक्सवॅगनने डीएसजी पूर्ण सोडली नाही. २०२२ ची व्हर्टस घ्या. १.० लिटरला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, १५० अश्वशक्तीच्या १.५ लिटरला सात गिअरची डीएसजी. बाजारात आली तेव्हा एआरएआयने प्रमाणित केलेलं मायलेज लहान इंजिनाचं १८.१२, मोठ्याचं १८.६७. मोठं इंजिन जास्त मायलेज देतं याचं थोडं श्रेय गरज नसताना दोन सिलिंडर बंद ठेवणाऱ्या यंत्रणेचं, पण गिअरबॉक्सचंही आहेच. चाकणलाच मर्सिडीझनेही दोन्ही जोडले: २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे टॉर्क कन्व्हर्टरसह, २०२१ मध्ये ए ३५ सेडान ड्युअल क्लचसह.

व्हर्टसची डीएसजी म्हणजे डीक्यू२००, आणि तिचे क्लच कोरडे. तेलात न्हाणारे नाहीत, हवेने थंड होणारे. गिअरसाठी तेल लागतं तेही जेमतेम १.७ लिटर. कोरडा क्लच हलका, स्वस्त, इंधन वाचवणारा. त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि १.५ चं इंजिन बरोबर २५० च देतं.

उष्णता हा याचा शत्रू. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या डीएसजीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालायचं ठरलं. कंपनीने दिलेलं कारण वाचताना आपल्याकडचा मे महिना आठवतो: उष्ण आणि दमट हवा, त्यात सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक. या हवेत त्या तेलामुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. पुढच्या वर्षांत यात पुष्कळ सुधारणा झाली, पण क्लचचं भौतिकशास्त्र काही बदललेलं नाही.

ते असं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन नुसतं सुस्त फिरत असताना अशी गाडी ताशी ६ किलोमीटरच्या आसपास चालते. त्याहून हळू जायचं तर क्लच पूर्ण पकडून चालत नाही, तो घसरवावाच लागतो. मॅन्युअल गाडीत आपण ज्याला हाफ क्लचवर धरणं म्हणतो ते काम इथे संगणक करतो. शिळफाट्याला पुढचा ट्रेलर दोन फूट सरकतो, आपण दोन फूट सरकतो. प्रत्येक वेळी थोडी घसरण, थोडी उष्णता. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही घसरण होते, पण ती तेलात. तेल तापतं, कूलरमधून फिरतं, थंड होऊन येतं. झिजायला पट्टी नसते. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या ड्युअल क्लचचं स्थान या दोन्हींच्या मध्ये: झीज आहे पण तेल उष्णता वाहून नेतं. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझला ओला क्लच दिला त्यामागे आपले रस्ते आहेत असं मला वाटतं.

वाहतुकीपेक्षा वाईट म्हणजे रॅम्प. खारघर, उलवे, सीवूड्सच्या नव्या टॉवरमध्ये चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत पोडियम पार्किंग असतं. चढ तीव्र, वळण आवळलेलं, समोरून कोणी उतरत असेल तर मध्येच थांबा. इथे पुष्कळ जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या टोकावर गाडी चढावर तोलून धरतात. कोरड्या ड्युअल क्लचला याहून मोठी शिक्षा नाही. इंजिन ओढतंय, चाकं जागची हलत नाहीत, आणि सगळी ताकद क्लचच्या पट्टीत जळते आहे. ब्रेक दाबा, ऑटोहोल्ड असेल तर लावा. ब्रेकवर गाडी थांबली की क्लच सुटतो आणि त्याला श्वास मिळतो. वाहतुकीतही इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे एका गाडीइतकं अंतर पडू द्यावं आणि मग एकदम जावं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

रविवारी पहाटे कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागलं की चित्र पालटतं. बोरघाटात डीएसजीचं पॅडल ओढून तिसरा घेण्यात जी मजा आहे ती मला टॉर्क कन्व्हर्टरमध्ये नव्वद टक्के मिळते, शंभर नाही. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आठवड्याचे बाकीचे सहा दिवस क्लच जपत बसायचं का? नवी मुंबईत राहून रोज ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्याने माझ्या मते टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा, निदान ओला ड्युअल क्लच. घरून काम करणाऱ्याने आणि तळमजल्यावर गाडी ठेवणाऱ्याने खुशाल डीएसजी घ्यावी, तिच्यासारखी मजा त्या किमतीत दुसरी नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. टेस्ट ड्राइव्ह पाम बीचवर घेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. अर्धा तास गर्दीत फिरवून तापवा, मग रॅम्पवर न्या. चढावर ब्रेक सोडल्यावर थरथर जाणवली, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ठोका बसला, तर किंमत ठरवायच्या आधी मेकॅनिक गाठा. ओल्या सहा गिअरच्या डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर लागतो, त्याची पावती मागा. टॉर्क कन्व्हर्टरवाला ‘लाइफटाइम ऑईल आहे, बदलावं लागत नाही’ असं म्हणेल. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. तेवढा खर्च भावातून वजा करून घ्या.