ब्रह्मपुरीच्या घरातला समुद्रदेव

प्राचीन रोमन गृहजीवनाचा विषय निघाला की सुशिक्षित वाचकाचे मन तडक पाँपेईकडे धावते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात भट्टीतल्या पावापासून देवघरातल्या मूर्तीपर्यंत कितीतरी जिन्नस जागच्या जागी सापडले. परंतु सातारा-सांगलीकरांना त्या संसाराचा मासला पाहण्यासाठी इटली गाठण्याची गरज नाही.

कोल्हापुरास पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे प्रा. कुंदनगार यांना सातवाहनकालीन काशाच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन करून त्या वस्तीचा तपशील उजेडात आणला. साठ्यात रोमन घडणीचा आरसा आहे, सुरयांच्या मुठी आहेत, आणि वितीहून लहान असा दाढीधारी, विवस्त्र समुद्रदेव पोसायडनही आहे. त्याच्या हातचा त्रिशूळ नाहीसा झाला आहे. तो असता तर घरधन्याने त्याला महादेव समजून बेलही वाहिला असता, कोण जाणे!

सह्याद्री ओलांडून हा देव आला कसा, याचे नवल वाटू नये. कोकणातील बंदरांत यवनांची गलबते लागत आणि घाटवाटांनी माल देशावर चढे. भारहूतच्या दानलेखांत ज्या करहाकट नगराची नोंद आहे ते आपले कऱ्हाडच, असे विद्वान मानतात, आणि कुंभार्लीचा घाट तेथून दूर नाही. व्यवहार एकेरीही नव्हता : पाँपेईच्या एका घरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, हा त्याचा बिनतोड दाखला.

तथापि रोमन भांडी मिळाली म्हणून घर रोमन ठरत नाही. पुरातत्त्ववेत्ता वस्तूच्या सौंदर्याइतकीच तिच्या जागेची चौकशी करतो : ती माजघरात होती की कोठारात, वापरात होती की मोडीत? ब्रह्मपुरीच्या साठ्यात याच रोमन वस्तूंशेजारी स्वारांसह घडवलेला देशी हत्तीही आहे, आणि सुरया गेल्या तरी मुठी उरल्या आहेत. त्यावरून हा यवनाचा संसार नव्हे, तर एखाद्या सधन देशी व्यापाऱ्याचा किंवा कासाराचा संग्रह असावा, असे मला वाटते.

कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी, हा साठा जेथे ठेवला आहे त्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयासाठी घटकाभर वेळ अवश्य राखून ठेवावा.