विश्लेषण : परदेशी रेडिओ केंद्राची ‘पोचपावती’ कशी मिळवतात? आता ती मिळणे अवघड का झाले?

रात्री उशिरा साध्या रेडिओचा काटा मीडियम वेव्हवर सावकाश फिरवला, तर दिवसा जिथे नुसती खरखर असते तिथे अनोळखी भाषा ऐकू येऊ लागते. बहुतेक जण काटा पुढे सरकवतात. काही छंदिष्ट मात्र तिथेच थांबतात, वही उघडतात आणि काय ऐकले ते त्या केंद्राला लिहून कळवतात. तपशील जुळला, तर ‘तुम्ही आम्हालाच ऐकले’ असे सांगणारे कार्ड येते. त्याला ‘क्यूएसएल’ म्हणतात, तर दूरची केंद्रे शोधण्याच्या छंदाला ‘डीएक्सिंग’. मात्र एएम केंद्रेच बंद होऊ लागल्याने पोच देणारेही कमी होत आहेत.

ही पद्धत कुठून आली?

बिनतारी संदेश झटपट पाठवता यावेत म्हणून ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत ठरले होते. त्यातील क्यूएसएल म्हणजे संदेशाची पोच. १९२४ मध्ये शिकागोच्या ‘एक्को’ कंपनीने त्याला संग्रहाचे रूप दिले. श्रोत्याने ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील आणि १० सेंट पाठवायचे, केंद्राने टपाल तिकिटासारखे दिसणारे आपले तिकीट परत पाठवायचे आणि ते अल्बममध्ये चिकटवायचे. आवाज कुठवर पोहोचतो हे केंद्रांनाही अशा पत्रांतूनच कळत असे. म्हणजे सौदा दोन्हीकडून फायद्याचा होता.

रात्रीच का ऐकू येते?

दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबरात ‘डी’ थर तयार होतो आणि तो मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. अंधार पडला की हा थर विरतो. मग लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. म्हणूनच फिनलंडच्या उत्तरेला लेमेनयोकी परिसरात हिवाळ्याच्या लांबलचक रात्री छंदिष्ट मुक्काम ठोकतात. जंगलात सुमारे एक किलोमीटर लांबीच्या तारा अँटेना म्हणून पसरायच्या आणि उत्तर अमेरिकेतील केंद्रे टिपायची, असा हा बेत.

या नकाशावर नागपूरही आहे. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ पासून वापरात आलेला नागपूरचा १५६६ किलोहर्ट्झवरील ट्रान्समीटर १००० किलोवॉटचा. अमेरिकेत एएम केंद्रांना ५० किलोवॉटची मर्यादा आहे, यावरून अंदाज यावा. उत्तर युरोपातील छंदिष्टांच्या नोंदींतही नागपूर सापडते. पण दक्षिण कोरियातील जेजू बेटावरचे एक केंद्रही याच १५६६ वर असल्याने नुसती फ्रिक्वेन्सी लिहून काहीच सिद्ध होत नाही.

मग पुरावा काय द्यायचा?

‘छान ऐकू आले, कार्ड पाठवा’ एवढे पुरत नाही. तारीख, फ्रिक्वेन्सी आणि जागतिक प्रमाणवेळ हवी. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे १६००. सोबत किमान १५-२० मिनिटांचा तपशील लागतो. गाणे कोणते, जाहिरात कोणत्या दुकानाची, निवेदकाने कोणत्या गावाचे नाव घेतले. ‘गाणी लागली होती’ हे कुणीही घरबसल्या लिहू शकतो, स्थानिक जाहिरात नाही. शेवटी ‘सिन्पो’ हा पाच अंकी शेरा. सिग्नल, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा यांना एक ते पाच गुण. ओळखीच्या केंद्रालाही मोह टाळून ३४३३३ लिहिणारा श्रोता अधिक विश्वासार्ह.

अमेरिकेत केंद्राने दर तासाला आपली ओळखीची अक्षरे आणि गाव सांगणे बंधनकारक आहे. छंदिष्ट त्या काही सेकंदांसाठी तासभर बसून राहतो आणि नेमका तेव्हाच सिग्नल बुडतो! काही जण कार्ड स्वतःच छापून पाठवतात, इंजिनीअरने फक्त सही करायची. परतीच्या टपालखर्चाची सोय श्रोत्यानेच करणे हा शिष्टाचार.

खरा पेच इंटरनेटने निर्माण केला. बरीच केंद्रे आता ऑनलाइनही ऐकू येतात, शिवाय दुसऱ्या देशातील रिसीव्हर वेबवरून चालवता येतो. अशा रिसीव्हरवर ऐकून आपल्या गावचा पत्ता घालणे ही सरळ फसवणूकच, कारण सही करणारा इंजिनीअर श्रोत्याच्या शब्दावर विसंबून असतो.

अडचण कुठे आहे?

जर्मनीच्या ‘डॉइचलांडफुंक’ने २०१५ अखेर मीडियम वेव्ह बंद केली. फ्रान्सचे १६२ किलोहर्ट्झवरील प्रसारण २०१६ अखेर, तर आयर्लंडचे २५२ किलोहर्ट्झवरील एप्रिल २०२३ मध्ये थांबले. आकाशवाणीही टप्प्याटप्प्याने एएमकडून एफएमकडे वळली. प्रसारण थांबल्यावर श्रोत्याकडे रेकॉर्डिंग उरते, पण केंद्रातील नोंदींशी ते ताडून पाहणारा माणूस सापडेलच असे नाही. त्यामुळे आज ऐकलेल्या केंद्राला पत्र पुढच्या वर्षी लिहू, ही चालढकल महागात पडते.

शहरात आणखी एक शत्रू आहे, घरातीलच. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या खरखरीत दूरचा सिग्नल गाडला जातो. त्यावर साधा उपाय म्हणजे सेलवर चालणारा रेडिओ घेऊन गच्चीवर जाणे. रेडिओच्या आतील फेराइटची कांडी एका दिशेने अधिक ऐकते. त्यामुळे संच जागच्या जागी हळूहळू गोल फिरवला, तर जवळचे केंद्र दबते आणि त्याच्याखालचे दुसरे वर येते.