अंगावर काढायचं नाही!

आपल्याकडे बायकांना एक गोष्ट कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती म्हणजे दुखणं अंगावर काढणं. ताप असला तरी आधी कुकर लागतो, मग तापाची गोळी. कंबर धरली तरी पाणी भरून झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं ते सगळ्यांचे डबे गेल्यावर, तेही फारच झालं तर! आणि वर त्याचं कौतुक, "किती सोसते हो बिचारी!" मैत्रिणींनो, सर्दी-पडशात हे खपून जातं. केमोथेरपी चालू असताना मात्र हीच सवय जिवावर बेतू शकते. आज त्याबद्दलच मोकळेपणानं बोलायचंय.

पाच वर्षांपूर्वी, वयाच्या ४३व्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दर २१ दिवसांनी एक अशा ८ केमो. आमचं तालुक्याचं गाव, हॉस्पिटल ९० किलोमीटरवर. घरात हे, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. उपचार संपल्यावर आमच्या महिला मंडळातर्फे मी केमो चालू असलेल्या बायकांच्या सोबतीला जाऊ लागले. कुणाबरोबर एसटीनं हॉस्पिटलला, कुणाच्या स्वयंपाकघरात नुसतंच गप्पा मारायला. औषधांचं डॉक्टर सांगतातच. पण घरातले २१ दिवस कसे काढायचे, हे आपणच एकमेकींना सांगायला हवं.

मुळात एवढा त्रास होतो कशानं? कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. पण आपल्या शरीरात चांगल्या पेशीही भराभर वाढत असतात. केसांची मुळं, तोंडाच्या आतलं अस्तर, आतडी आणि हाडांच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं. त्यांनाही फटका बसतो. आमच्या शेजारच्या काकांनी एका वाक्यात समजावलं होतं, "तणनाशक मारलं की थोडी झळ पिकालाही बसतेच की!" औषध थांबलं की बहुतेक त्रास ओसरतात, केसही परत येतात. पण तोवर जपायला हवं.

कॅलेंडरची २१ घरं

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसंच मी माझ्या शरीराचं लिहायला लागले. केमोचा दिवस पहिला धरायचा आणि रोज दोन शब्द. "मळमळ. दोन वेळा उलटी." "तोंड आलं." "आज बरं, भाजी निवडली." दोन केमो झाल्यावर नुसतं कॅलेंडर बघून कळायला लागलं की कुठला दिवस कसा जाणार.

साधारणपणे पहिले चार-पाच दिवस मळमळ, गळाठा आणि तोंडाला चव नसण्याचे. तिसरा आठवडा सगळ्यात बरा. बँकेचं काम, मुलीच्या शाळेतली सभा, लांबचा पाहुणा हे सगळं मी तिसऱ्या आठवड्यात ढकलायची. खरी मेख आहे ती दुसऱ्या आठवड्यात. मळमळ थांबलेली असते, बाई उठून कामाला लागते आणि घरच्यांना वाटतं, सुटलो! पण साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. रोगजंतूंशी लढणारं सैन्यच घटलेलं असतं म्हणा ना. औषधाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे हे दिवस थोडे पुढे-मागे होतात, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायचे.

ताप लपवायचा नाही

आमच्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगते. केमोनंतरचा दहावा दिवस. दुपारी कणकण आली, पाहिलं तर १०१ ताप. दुसऱ्या दिवशी पुतण्याचं जावळ होतं. कार्यात कशाला विघ्न, म्हणून गोळी घेतली आणि पुऱ्या लाटायला बसली. रात्री हुडहुडी भरली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. मग धावाधाव. नऊ दिवस हॉस्पिटलात, त्यातले चार आयसीयूत. वाचली. जाऊबाई रडत विचारत होती, "अगं, सांगितलं का नाहीस?" त्यावर ती म्हणाली, "एवढ्याशा तापाचं काय सांगायचं?"

पांढऱ्या पेशी कमी असल्या की जखमेत पू होत नाही, सूजही फारशी येत नाही. आत संसर्ग वाढत असतो आणि बाहेर दिसणारी खूण असते फक्त ताप. ती खूणही आपण गोळी घेऊन पुसून टाकतो! म्हणून घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की मनानं गोळी घ्यायची नाही, सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. लांब राहणाऱ्यांनी रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा किंवा गाडीवाल्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवावा. केमोच्या कागदांची पिशवी दाराशी तयार असावी. गावातल्या दवाखान्यात जावं लागलं तर पहिलं वाक्य हेच बोलायचं, "माझी केमो चालू आहे."

ताटात काय, तोंडाचं काय?

फोडणीचा खमंग वास! जन्मभर ज्यानं भूक लागायची, त्यानंच पोटात ढवळायला लागतं. अशा वेळी स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून थोडं निवलेलं खायचं. दोन वेळच्या भरल्या ताटापेक्षा दर दोन तासांनी चार घास. नाचणीची पेज, मऊ भात आणि मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू, जे उतरेल ते. उलटीची गोळी मात्र उलटी व्हायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला घ्यायची. स्टीलच्या चमच्यानं तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर लाकडी चमचा वापरून बघा. आणि एक युक्ती. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नका. उलटीशी त्याची गाठ बसली की पुढे तो नकोसाच होतो.

संकष्टी, सोमवार, नवरात्र? या सहा महिन्यांत उपवास नको. देवाला कळतं सगळं.

कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची कापलेली फळं बंद. पाणी उकळलेलं. तोंड आलं तर एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. ब्रश मऊ हवा. आणि मिश्री लावत असाल तर ती आधी बंद! तोंडातल्या फोडांना ती जाळतेच, शिवाय ती तंबाखूच आहे.

बोटं, केस आणि सासूबाई

शेवटच्या चार केमोंचं औषध वेगळं होतं. त्यानं माझ्या हातापायांची बोटं बधिर झाली. ब्लाउजचे हुक लागेनात, तांदळातला खडा बोटाला कळेना, तव्याचा चटका उशिरा जाणवायचा. हे सांगण्यासारखं दुखणं आहे असं बऱ्याच जणींना वाटतच नाही. पण डॉक्टरांना सांगितलं तर ते औषधाचं प्रमाण किंवा त्यातलं अंतर बदलू शकतात. घरातही पायात चप्पल घालायची, गरम भांडी दुसऱ्याकडे सोपवायची आणि हुकांऐवजी सैल गाऊन किंवा कुर्ता घालायचा.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. पुंजकेच्या पुंजके उशीवर बघण्यापेक्षा मी ते आधीच बारीक कापून घेतले. माझ्यापेक्षा जास्त हादरल्या त्या सासूबाई. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मग एका दुपारी म्हणाल्या, "अगं, आमची एक आत्या होती. लहानपणीच विधवा झाली, तिचे केस उतरवले होते. तुला बघितलं आणि तीच आठवली. घरात कर्ता मुलगा असताना सुनेचं डोकं असं बघवेना मला." किती वर्षांचं भय ते! मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "आई, तिचे केस लोकांनी काढले. माझे औषधानं गेलेत, परत येणार आहेत." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या तीन टोप्या शिवून माझ्यापुढे ठेवल्या. विकतच्या विगपेक्षा उन्हाळ्यात त्याच कामी आल्या. हळदीकुंकवालाही मी टोपीवरून पदर घेऊन गेले.

"काही लागलं तर सांगा"

हे वाक्य सगळेच म्हणतात. आणि आपण सगळ्याच म्हणतो, "नाही हो, काही नको." इथंच गाडी अडते. समोरच्याला मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. मी दाराच्या मागे यादीच लावली. दळण आणणे, दूध तापवणे, मुलीला क्लासला सोडणे, पहिल्या पाच दिवसांचा रात्रीचा डबा. कुणी विचारलं की यादीतलं एक काम द्यायचं. आमच्या भिशीतल्या मैत्रिणींनी डबे वाटून घेतले. ह्यांनी केमोनंतरचे दोन दिवस बाथरूमचं काम घेतलं, कारण साधारण ४८ तास शरीरातून औषध बाहेर पडत असतं. संडासात दोनदा पाणी टाकायचं, उलटीचे किंवा खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. एवढी काळजी पुरे. कॅन्सर संसर्गजन्य नाही. ताट-वाटी, अंथरूण वेगळं करायची काहीच गरज नाही. मुलांना जवळ घ्या, कुशीत झोपवा.

बघायला येणाऱ्यांना मात्र प्रेमानं आवरा. सर्दी-खोकला असलेल्यानं यायचं नाही. आणि "अमक्या गावचा काढा घे, तमक्याची पावडर घे" म्हणणाऱ्यांना सांगायचं, "डॉक्टरांना विचारते." विचारायचंच, कारण काही काढे केमोच्या औषधांशी बिनसतात.

खर्चाचंही बोलायला लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपी आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून विचारा. उपचारासाठी रेल्वेनं जाताना कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा वर्षानुवर्षं आधार आहे.

हे दिसलं तर त्याच वेळी फोन करा

• ताप १००.४ किंवा जास्त, किंवा थंडी वाजून हुडहुडी
• २४ तास पोटात पाणीसुद्धा न टिकणं
• जुलाब थांबत नसणं
• हिरड्यांतून, नाकातून किंवा लघवीवाटे रक्त (लाल रंगाचं औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका)
• धाप लागणं, छातीत दुखणं
• सलाईनची जागा लाल होणं, सुजणं, दुखणं

ही यादी कापून स्वयंपाकघरात चिकटवा. तुमच्यासाठी नसेल तर शेजारणीसाठी, जावेसाठी. आणि तिनं "एवढ्याशाचं काय" म्हटलं, तर फोन तुम्ही लावा.