बोट सोडलं तरी चालणारं वेल्डिंग

सीओटू म्हणजे मिग वेल्डिंग मशीनवर ‘२टी’ आणि ‘४टी’ असं लिहिलेलं एक बटण असतं. २टीवर टॉर्चचा ट्रिगर दाबून धरला की गॅस सुटतो, तार पुढे सरकते, आर्क पेटतो. बोट उचललं की सगळं थांबतं. टाके मारायला, छोट्या जोडांना हेच बरं.

लांब जोड मारताना मात्र ट्रिगर सतत दाबून बोट आखडतं, हात कापू लागतो आणि तो कंप थेट जोडात उतरतो. तिथे ४टी लावावा. ट्रिगर एकदा दाबून सोडला की वेल्डिंग चालू राहतं. पुन्हा दाबून सोडल्यावर बंद होतं. काही मशीनमध्ये हा दुसरा दाब धरून ठेवला की करंट उतरतो आणि जोडाच्या शेवटचा खड्डा भरून निघतो. तो खड्डा उघडा राहिला तर तडा बहुधा तिथूनच जातो, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते.

नवशिक्याने मात्र आधी २टीवरच हात बसवावा. घाबरून बोट सोडलं तरी ४टीवर तार येतच राहते, आणि तिच्यात करंट असतो.