सुवाह्य संगीत उपकरणांची घरगुती ध्वनिसंचाशी जोडणी

एमपी३ प्लेअर, भ्रमणध्वनी किंवा टॅबलेट यांतील संगीत घरातील अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरवर ऐकता यावे यासाठी ही उपकरणे तारेने किंवा बिनतारी पद्धतीने ध्वनिसंचाशी जोडतात. या जोडणीचे अनेक प्रकार आहेत. अंकीय स्वरूपातील ध्वनीचे अ‍ॅनालॉग विद्युत संकेतात रूपांतर कोठे होते आणि तो संकेत संचात कोणत्या ठिकाणी प्रवेश करतो, या दोन बाबींवरून त्यांतील मुख्य फरक ठरतो.

पार्श्वभूमी

सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. अशा लहान उपकरणांमुळे ३.५ मिलिमीटर व्यासाचा हेडफोन जॅक सर्वत्र रूढ झाला. त्याचा मूळ नमुना असलेली ६.३५ मिलिमीटरची पिन एकोणिसाव्या शतकातील दूरध्वनी केंद्रांत वापरली जात असे. २००१ साली अ‍ॅपल कंपनीने आयपॉड बाजारात आणला. २००३ पासून आयपॉडला ३० पिनांचा जोड देण्यात आला. त्यातून थेट अ‍ॅनालॉग ध्वनी मिळत असल्याने आयपॉड बसवण्याची जागा असलेले अनेक ध्वनिसंच तयार झाले. २०१२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या लाइटनिंग जोडात अ‍ॅनालॉग ध्वनीची सोय नव्हती. २०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोन जॅकही वगळला गेला आणि नंतर इतर अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला.

अंकीय रूपांतर

उपकरणात ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. उदाहरणार्थ, सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. स्पीकरला मात्र सतत बदलणारा विद्युत प्रवाह लागतो. हे रूपांतर करणाऱ्या मंडलास डॅक म्हणतात. हेडफोन जॅक वापरल्यास उपकरणातील डॅक काम करतो. यूएसबी डॅक किंवा ब्लूटूथ ग्राहक वापरल्यास रूपांतर उपकरणाबाहेर होते.

तारेने जोडणी

सर्वांत सोप्या पद्धतीत एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली केबल वापरतात. आरसीएची लाल पिन उजव्या वाहिनीची, तर पांढरी किंवा काळी डाव्या वाहिनीची असते. ही केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स, लाइन, सीडी किंवा टेप यांपैकी कोणत्याही प्रवेशात लावता येते.

फोनो हा प्रवेश मात्र यासाठी चालत नाही. तो तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असतो, तर भ्रमणध्वनीचा संकेत त्याच्या शेकडो पट मोठा असू शकतो. शिवाय तबकडीवर मुद्रण करताना खर्ज कमी आणि तार स्वर जास्त ठेवलेले असतात. फोनो मंडल याची उलट भरपाई करते. त्यामुळे तेथे भ्रमणध्वनी जोडल्यास आवाज फाटतो व खर्ज अवाजवी वाढतो.

जॅक नसलेल्या उपकरणांसाठी यूएसबी टाइप-सी अडॅप्टर मिळतात. त्यांपैकी काहींत स्वतःचा डॅक असतो. ज्यांत तो नसतो, ते भ्रमणध्वनीकडूनच अ‍ॅनालॉग संकेताची अपेक्षा करतात. म्हणून असे अडॅप्टर सर्व भ्रमणध्वनींवर चालत नाहीत.

बिनतारी जोडणी

ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवताना ध्वनी संकुचित केला जातो. एसबीसी ही संकोचन पद्धत सर्व उपकरणांत अनिवार्य असून एएसी, एपीटीएक्स इत्यादी पद्धती ऐच्छिक आहेत. संकोचन व प्रक्षेपण यांत थोडा वेळ जातो. संगीत ऐकताना तो जाणवत नाही, परंतु चित्रपट पाहताना ओठ व शब्द यांचा मेळ चुकू शकतो. वाय-फायवर आधारित पद्धतींत अ‍ॅपलची एअरप्ले (२०१०) आणि गूगलची क्रोमकास्ट (२०१३) या प्रमुख आहेत. क्रोमकास्टमध्ये बहुधा ग्राहक उपकरणच आंतरजालावरून संगीत मिळवते आणि भ्रमणध्वनी केवळ नियंत्रकाचे काम करतो.

आवाजाचे नियंत्रण

तारेच्या जोडणीत दोन ठिकाणी आवाज कमी-जास्त करता येतो. उपकरणाचा आवाज फार कमी ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचा वाढवल्यास संगीताबरोबर केबलमधील व मंडलातील खरखरही वाढते. म्हणून उपकरणाचा आवाज कमाल मर्यादेच्या थोडा खाली ठेवून पुढील नियंत्रण अ‍ॅम्प्लिफायरवर करतात. पिन घालताना वा काढताना तिचे भाग क्षणभर चुकीच्या संपर्काला टेकतात. त्यातून होणाऱ्या मोठ्या धक्क्याने स्पीकरला इजा होऊ नये यासाठी त्या वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवला जातो.

गुणगुण आणि सुरक्षितता

उपकरण चार्ज होत असताना स्पीकरमधून गुणगुण ऐकू येणे ही नेहमीची तक्रार आहे. दोन उपकरणांचे अर्थिंग वीजपुरवठा व ध्वनी केबल अशा दोन्ही मार्गांनी जोडले गेल्यास एक वलय तयार होते. भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ती आणि तिच्या पटीतील वारंवारता या वलयातून ध्वनीत मिसळतात. हलक्या प्रतीच्या चार्जरमुळेही असाच आवाज येतो. चार्जर काढताच गुणगुण थांबली, तर कारण चार्जरच्या मार्गात आहे असे समजते. उपकरण बॅटरीवर चालवणे, विलगक रोहित्र वापरणे किंवा बिनतारी ग्राहक बसवणे हे त्यावरील उपाय आहेत. तीन पिनी प्लगमधील अर्थिंग तोडल्यासही गुणगुण थांबू शकते, परंतु संचात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरून जिवाला धोका निर्माण होतो.

जुने संच

लाइन प्रवेश असलेला कोणताही चालू स्थितीतील अ‍ॅम्प्लिफायर, मग तो कितीही जुना असो, आजच्या टॅबलेटला जोडता येतो. असा प्रवेश नसलेल्या कॅसेट संचात कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर वापरतात. त्यातील चुंबकीय शीर्ष संचाच्या वाचन-शीर्षाकडे ध्वनी पोहोचवते. एकच स्पीकर असलेल्या मोनो संचासाठी डाव्या व उजव्या वाहिनीच्या तारा थेट एकत्र बांधणे योग्य नसते, कारण तसे केल्यास उपकरणाची दोन निर्गम मंडले एकमेकांवर भार टाकतात. त्यामुळे प्रत्येक वाहिनीत एक रोधक घालून मगच त्या एकत्र केल्या जातात.