कॅन्सरचा संशय आला तर सरकारी की खासगी? आधी तपासणी, मग दवाखाना ठरवा

नाशिक : तोंडातला छाला तीन आठवडे झाले तरी भरत नाही किंवा स्तनात गाठ लागते. डॉक्टर सांगतात, कॅन्सरची तपासणी करून घ्या. मग घरात पहिला प्रश्न निघतो, सरकारीत जायचं की खासगीत? कोणी लगेच कर्ज काढतं, कोणी कांदा निघेपर्यंत थांबतं. दोन्हीत नुकसानच.

तपासणी आणि उपचार वेगळे धरा. कॅन्सर आहे की नाही, हे बहुतेक वेळा गाठीचा तुकडा तपासल्यावर, म्हणजे बायोप्सीवर पक्कं होतं. सरकारी रुग्णालयात खर्च कमी, पण नंबर लागायला वेळ जाऊ शकतो. तारीख लांबची मिळाली तर तेवढी बायोप्सी खासगीत करून पुढचा उपचार सरकारीत घेता येतो. रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेलात तर त्या लागतात.

उपचार मोठा खर्चाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. योजनेतल्या खासगी रुग्णालयातही. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणती तपासणी योजनेत आणि कोणती खिशातून, हे पैसे भरण्याआधीच विचारा. टोल फ्री नंबर १५५३८८.

रिपोर्ट हातात येण्याआधी जमीन गहाण टाकू नका. आणि दुखत नाही म्हणून थांबूही नका. सुरुवातीची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही.