संसार एक असला तरी बँकेतले खाते ज्याचे त्याचेच

कापडाच्या धंद्यात सूत कोणत्या भावाने उचलले, कोणाला किती दिवसांच्या उधारीवर माल दिला, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. आज ही सारी माहिती एकाच कागदावर सापडते. तो कागद म्हणजे चालू खात्याचा उतारा. खातेदाराची पत्नी किंवा पती काउंटरवर जाऊन हा उतारा मागू लागला, तर बँकेने तो द्यावा काय? आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की घरच्याच माणसाला द्यायला काय हरकत आहे! कायदा मात्र तसे मानत नाही.

बँकेकडे पैशाप्रमाणेच माहितीही अमानत असते. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी 1970 च्या कायद्याचे कलम 13 हेच सांगते. या बँकांच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर रुजू होण्याआधी गोपनीयतेचे लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

या नियमाचे मूळ इंग्लंडमधील टुर्निए खटल्यात आहे. टुर्निए नावाच्या खातेदाराने कर्जाचे हप्ते थकवले. बँकेच्या मॅनेजरने त्याचा पत्ता विचारण्यासाठी मालकाला फोन केला आणि बोलता बोलता त्याचे कर्ज व सट्ट्याचा संशय सांगून टाकला. त्याची नोकरी गेली. 1923 साली अपील कोर्टाने ठरवले की बँकेला चारच कारणांनी तोंड उघडता येते: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हित, किंवा खातेदाराची संमती. निकाह किंवा लग्न हे या चारांत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2004 साली म्हटले की कागदपत्रे बँकेकडे ठेवली म्हणून माणसाचा खाजगीपणाचा हक्क संपत नाही.

अहमदाबादेत 2017 साली असेच एक प्रकरण घडले. पती-पत्नीचा वाद कोर्टात चालू असताना बँकेने पतीच्या खात्याचा उतारा पत्नीला दिला. खात्यातून 103 रुपये कापल्याचा संदेश मोबाईलवर आला, तेव्हा पतीला हे कळले. ग्राहक मंचाने बँकेला 10,000 रुपये भरपाई द्यायला लावली.

हा नियम पुरुषांच्याच सोयीचा आहे असे कोणी समजू नये. पत्नीच्या खात्यातील मेहरची, शिलाईची किंवा जरीकामाची रक्कम तिच्या मालकीची आहे. शरीयतही ती तिचीच मानते. तेव्हा शाखेत ओळख आहे म्हणून पतीने तिची शिल्लक विचारणे तितकेच गैर, आणि बँकेने ती सांगणेही गैर.

मग पत्नीला खर्चासाठी दाद मागायची असेल तर? त्यासाठी कोर्टाचा रस्ता खुला आहे. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, देणी आणि बँक खाती शपथपत्रावर सांगावीत, असा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा आदेश आहे. कोर्टाने हुकूम केला की बँकेला उतारा द्यावाच लागतो. त्यामुळे गोपनीयतेच्या आडोशाने बायका-मुलांचा हक्क बुडवता येत नाही.

व्यापारी आणि कारागीर बंधू-भगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संयुक्त खात्याची माहिती दोन्ही खातेदारांना मिळते. नॉमिनीला मात्र खातेदार हयात असेपर्यंत कोणताही अधिकार नसतो. भागीदारीच्या खात्यावर भागीदाराच्या पत्नीचा किंवा पतीचा केवळ त्या नात्याने हक्क नाही. घरच्या माणसाने व्यवहार पाहावा असे वाटत असेल तर बँकेला तसे लेखी अधिकारपत्र द्यावे. खात्याला मुलाचा किंवा मुनीमजींचा मोबाईल नंबर जोडला असेल, तर सारे संदेश त्यांच्याकडेच जातात. तो दोष बँकेचा नाही, म्हणून नंबर आपलाच ठेवावा.

बँकेने परवानगीशिवाय माहिती दिलीच, तर प्रथम शाखेत लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे तक्रारीला फी नाही. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे.

घरात हिशोब उघडा ठेवणे चांगलेच. पण तो खातेदाराने स्वतः उघडायचा असतो, बँकेच्या कारकुनाने नव्हे.